नंबर सगळ्यात शेवटी बघा : पेटीत निघालेलं जुनं रिव्हॉल्वर ओळखायचं कसं

आधी प्रश्न काय होता ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. धरणगावकडचे एक भाऊ आहेत, जुनं धाब्याचं घर पाडायला काढलं तर कोठीच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत कातडी पाकिटातलं छोटं रिव्हॉल्वर निघालं. पाच गोळ्यांचं, नळी जेमतेम अडीच इंच, वरच्या पट्टीवर इंग्रजीत ‘ब्रिटिश बुल डॉग’ कोरलेलं, चक्रीवर (गोळ्या भरायचा तो फिरता गोल भाग) मुकुटाखाली अंडाकृती शिक्का आणि त्यात तीन अक्षरं, चाप-गार्डाच्या पुढे चार आकडी नंबर. घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले की १८५७ च्या धामधुमीत भिल्ल कॉर्प्सच्या, म्हणजे इंग्रजांनी उभ्या केलेल्या भिल्लांच्या पलटणीच्या, एका गोऱ्या साहेबानं हे खापरपणजोबांना बक्षीस दिलं. आता भाऊंचं म्हणणं असं की काका नंबर दिलाय, त्यावरून वर्ष आणि कंपनी सांगा, इंग्लंडच्या वेब्ले कंपनीचंच ना हे, आणि किंमत काय येईल.

मी पोलीस खात्यात आर्मरर होतो, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, आयुष्य कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, तेलाच्या वासात गेलं, आणि रिटायर झाल्यावरही लोकं असे फोटो पाठवतच राह्यले. दर वेळी प्रश्न एकच, हा नंबर घ्या आणि वर्ष सांगा. गाडीचा चेसिस नंबर टाकला की सगळी कुंडली निघते तसं बंदुकीचं असेल असं डोक्यात बसलंय. तसं नसतं. नंबर ही शेवटची गोष्ट आहे, पहिली नाही. कंपनी कोणती आणि मॉडेल कोणतं हे पक्कं झाल्याशिवाय नंबरला काडीचा अर्थ नाही, आणि काही हत्यारांच्या बाबतीत तर ते पक्कं झाल्यावरही नाही.

पण त्याच्या आधी कायद्याचं बोलतो, कारण ते शेवटी लिहिलं तर कुणी वाचत नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आजोबांची असली तरी. कलम ४५ मध्ये सूट आहे हे खरं, जुन्या बनावटीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, पण पुढे लिहिलंय की ते दुरुस्ती करून किंवा न करता कसंही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं पाहिजे. लोकं अर्धं वाक्य वाचतात आणि शोकेसमध्ये लावून मोकळे होतात. स्प्रिंग तुटली, घोड्याचं (चाप ओढला की काडतुसावर आपटतो त्या भागाचं) टोक झिजलं, चक्री फिरत नाही, ही सगळी दुरुस्त होणारी कामं आहेत, कुठलाही बरा मिस्तरी करून देईल, म्हणजे सूट लागू झालीच असं तुम्ही-आम्ही घरी बसून ठरवू शकत नाही. तेव्हा भाऊ, आधी पोलीस ठाण्यात फोन करा, लेखी अर्ज द्या, जमा करा आणि पोच घ्या. परवानाधारक डीलरकडेही जमा करता येतं, कलम २१ मध्ये ती सोय आहे. पिशवीत घालून एसटीनं जळगावला आणू नका हात जोडून सांगतो, तपासायला माणूस चढला तर खापरपणजोबांची गोष्ट तिथं कुणी ऐकणार नाही. वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो, २०१६ च्या नियमांत त्याची तरतूद आहे, वकिलाला विचारून करा.

आणि जमा करेपर्यंत चाप ओढून बघायचा नाही. चक्रीत काडतूस असेल आणि शंभर वर्षं जुनं असेल तर ते मेलेलं असेल असं समजू नका, काळी दारू कोरडी राहिली तर तशीच जिवंत राहते, आणि आपल्या खानदेशच्या उन्हाळ्यात पेटीत कोरडंच राहणार. अडकलेलं काडतूस खिळ्यानं किंवा पेचकसानं ठोकून काढायचं तर अजिबात नाही. तसंच ठेवा आणि ठाण्यात सांगा की आत काहीतरी आहे.

आता ओळख. मी काय क्रमानं बघतो ते सांगतो. पहिलं म्हणजे हे हत्यार गोळी कशी खातं. जुन्यात जुनी रिव्हॉल्वरं टोपीची, म्हणजे चक्रीच्या पुढून दारू आणि शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या बाजूला प्रत्येक घराला छोटी बोंडी, तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. चक्रीच्या मागून आरपार भोक नसतं. १८५७ साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला जी रिव्हॉल्वरं होती ती हीच, ॲडम्स, १८५६ चं ब्युमाँट-ॲडम्स, ट्रँटर, कोल्टचं १८५१ चं नेव्ही, सगळी टोपीची. कोल्टनं तर १८५३ ते १८५७ लंडनलाच कारखाना चालवला होता, त्यांच्या नळीवर लंडनचा पत्ता असतो. त्यानंतरची पायरी पिनफायर, फ्रेंच लेफोशोची पद्धत, त्यात काडतुसाच्या कडेतून बारीक पिन बाहेर निघते आणि चक्रीच्या कडेला त्या पिनेसाठी खाच असते. ही खाच दिसली की डोळे झाकून पिनफायर. आणि मग मागून पितळी काडतूस घालायचं, मध्ये कॅप असलेलं, आजपर्यंत तीच पद्धत.

भाऊंच्या फोटोत उजव्या बाजूला चक्रीमागे छोटं झाकण आहे, ते बाजूला करून एकेक पितळी काडतूस आत सरकवायचं. म्हणजे १८५७ ची गोष्ट इथंच बसली खाली. नंबर बघायचीसुद्धा गरज पडली नाही.

दुसरं, हत्यार उघडतं कसं. झाकणवालं अखंड बॉडीचं, की वरचा खटका दाबून मधून मोडणारं, की चक्री डावीकडे बाहेर येणारं. वेब्लेची सरकारी रिव्हॉल्वरं, १८८७ च्या मार्क वनपासून १९१५ च्या मार्क सिक्सपर्यंत, सगळी मधून मोडणारी. पोलिसात आणि फौजेत नंतर आलेलं एनफिल्ड नंबर टू पण मधून मोडणारं, .३८ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचात). चक्री बाहेर येणारी म्हणजे बहुतेक कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन, किंवा त्यांच्या स्पेनमधल्या नकला, आयबार गावच्या. पहिल्या महायुद्धात माल कमी पडला तेव्हा इंग्रजांनी स्पेनकडूनही .४५५ ची रिव्हॉल्वरं घेतली होती, आणि गंमत म्हणजे ती मधून मोडणारी होती, तेव्हा नुसत्या मोडण्यावरून वेब्ले म्हणू नका.

बुल डॉगची गोष्ट जरा वेगळी आहे. हे नाव आणि हा आकार बर्मिंगहॅमच्या वेब्लेनंच १८७२ च्या सुमाराला बाजारात आणला, पाच गोळ्या, आखूड नळी, कोटाच्या खिशात मावणारं पण गोळी जाडी, .४४२ किंवा .४५०. इतकं खपलं की बेल्जियममध्ये लिएज शहरात घरोघरी त्याच्या नकला व्हायला लागल्या, अमेरिकेतही झाल्या. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली ती ब्रिटिश बुल डॉगमधूनच. नकला .३२० आणि .३८० बोअरमध्येही निघाल्या कारण दारूगोळा स्वस्त. ‘ब्रिटिश बुल डॉग’ हे शब्द पट्टीवर कोण कोरत होतं तर सगळेच, बेल्जियमवाले तर आवर्जून, कारण ब्रिटिश म्हटलं की खपायचं. म्हणून त्या पट्टीवरून वेब्ले ठरत नाही. अस्सल वेब्लेवर कंपनीचं नाव किंवा पंखवाल्या गोळीचं चिन्ह सापडायला पाहिजे.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची, प्रूफचे शिक्के. इंग्लंड-बेल्जियममध्ये कुठलीही नळी आणि चक्री विकायच्या आधी कायद्यानं नेमलेल्या प्रूफ हाउसमध्ये जास्तीची दारू भरून उडवून बघायचे, फुटली नाही की शिक्का. कारखानदार नाव खोटं टाकेल, शिक्का खोटा टाकणं म्हणजे तुरुंग. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासूनचं. त्यांचे १९०४ पर्यंतचे खाजगी मालावरचे शिक्के म्हणजे मुकुटाखाली दोन राजदंड एकमेकांवर तिरके आणि त्यांच्या फटीत अक्षरं. १९०४ नंतर मुकुटाखाली नुसती अक्षरं, बी पी, बी व्ही, आणि बिनधुराच्या दारूसाठी एन पी. लंडनचा शिक्का वेगळा, मुकुटाखाली जी आणि पी एकमेकांत गुंतलेले. चक्रीच्या प्रत्येक घरावर वेगळा शिक्का असतो, तिथं नळीपेक्षा कमी घासलेला सापडतो, म्हणून चक्री आधी बघा.

भाऊंच्या चक्रीवर अंड्याच्या आकारात ई, एल, जी. हा लिएजचा. आणि त्यावर मुकुट आहे, फोटो मोठा करून तीनदा बघितला, आहे. लिएजवाल्यांनी अंड्यावर मुकुट १८९३ मध्ये चढवला, त्याआधी बिनमुकुटाचं अंडं. म्हणजे हे हत्यार १८९३ नंतरचं, बेल्जियमचं, वेब्लेचं नाही. नळीच्या मुळाशी मुकुटाखाली आर हे अक्षर दिसतं का बघा, ते आटे पाडलेल्या नळीचं चिन्ह, तेही त्याच काळातलं. तारेखाली एखादं एकटं अक्षर असेल तर ते तपासणाऱ्याचं, कंपनीचं नव्हे, ते बघून कंपनी शोधत बसू नका.

आता या नंबरचं काय? लिएजच्या या छोट्या कारखान्यांचे नंबर म्हणजे बऱ्याचदा जुळवणीचे नंबर. बॉडी, चक्री, नळी, मुठीची लाकडं एकत्र घासून बसवायची आणि मग हे सगळं पॉलिशला वेगवेगळं जायचं, परत येताना अदलाबदल नको म्हणून प्रत्येक भागावर तोच आकडा. त्याची वही कुठं जपलेली नाही. तेव्हा तुमचा चार आकडी नंबर वर्ष सांगत नाही, पण एक काम करतो, तोच आकडा किंवा त्याचे शेवटचे दोन-तीन आकडे चक्रीवर आणि मुठीच्या लाकडाच्या आतल्या बाजूला आहेत का ते बघितलं की कळतं की हत्यार मूळचं अखंड आहे का दोन-तीन मोडक्यांचं मिळून केलंय. एवढाच त्याचा उपयोग.

मोठ्या कंपन्यांचं वेगळं आहे, तिथं नंबर बोलतो, पण मॉडेल माहीत पाहिजे. कोल्टनं प्रत्येक मॉडेलची गिनती एकपासून वेगळी चालवली, म्हणजे एकाच नंबरची चार-पाच वेगवेगळी कोल्ट निघू शकतात, पन्नास वर्षांच्या अंतरानं. स्मिथ अँड वेसनचं दुसऱ्या महायुद्धातलं .३८ चं व्हिक्टरी मॉडेल इकडे कॉमनवेल्थच्या फौजांकडे भरपूर आलं, त्याच्या नंबराआधी व्ही अक्षर, मुठीच्या तळाला, दोरी अडकवायच्या कडीजवळ. तोच नंबर चक्रीच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खाली पण असतो, तिन्ही जुळले तर माल अस्सल. त्यांच्या चक्रीच्या आडव्या दांड्यात, बॉडीच्या कोपऱ्यात आणखी छोटे आकडे असतात ते जुळवणीचे, लोकं नेमके तेच पाठवतात. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन दोघांचीही जुनी दप्तरं बघून पत्र देण्याची व्यवस्था अमेरिकेत आहे, पैसे घेतात, पण माल कधी आणि कुणाला पाठवला ते लिहून देतात.

वेब्ले मार्क सिक्स आणि एनफिल्डवर तर वर्षच ठोकलेलं असतं बॉडीवर, तिथं नंबराची माथेफोड कशाला. एनफिल्डच्या घोड्याला वरचं बोटाचं टोक नसेल तर ते १९३८ नंतरचं रूप, रणगाड्यात चढउतरताना अडकू नये म्हणून कापलेलं, मोडलंय समजून कुणी वेल्डिंग करून घेऊ नका, असा एक नमुना माझ्या टेबलावर आलेला आहे.

काही आकडे असे की ते नंबर नसून नंबरासारखे दिसतात. पेटंटच्या तारखा हा सगळ्यात मोठा घोळ. कोल्टच्या सिंगल ॲक्शनवर १८७१, १८७२, १८७५ अशा तीन तारखा असतात, आणि त्याच तारखा वीस वर्षांनंतर बनवलेल्यावरही असतात, कारण ती पेटंट मिळाल्याची तारीख, बनवल्याची नाही. दुसरा घोळ बट नंबरचा. पोलिसात, रेल्वेत, संस्थानात प्रत्येक हत्याराला कोतमधला आपला नंबर असायचा, मुठीवर किंवा मागच्या पट्टीवर ठोकलेला, १७, ४२ असा छोटा. तो कारखान्याचा नसतो. आणि तिसरा घोळ दुकानदाराच्या नावाचा. वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या रोडा कंपनीचं किंवा मँटनचं किंवा आर्मी अँड नेव्हीवाल्यांचं नाव सुरेख अक्षरात कोरलेलं असतं, लोकं समजतात बनवणारा हाच. तो विकणारा. माल बर्मिंगहॅमचा किंवा लिएजचा, नाव कलकत्त्याचं. असं कलकत्त्याचं नाव असलं तर मात्र जपा, कारण हत्यार हिंदुस्थानात विक्रीला आलेलं होतं हे त्यानं सिद्ध होतं.

सरकारी मालावर बाणाची खूण असते, तीन रेघांची, चिमणीचा पाय उमटावा तशी. बाणाखाली आय असेल तर हिंदुस्थान सरकारचा माल. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले असतील तर सरकारनं ते विकून टाकलं, म्हणजे खाजगी हातात कायदेशीर आलं. हे शेवटचं लक्षात ठेवा, बाण आहे पण विक्रीची खूण नाही आणि घरात कागदही नाही, असं असलं की ठाण्यातला साहेब जरा जास्त प्रश्न विचारतो, आणि विचारणारच.

पेशावरकडच्या दर्रा आदमखेलच्या नकलांबद्दल थोडं. तिकडे पिढीजात कारागीर हातानं वेब्ले बनवतात, लांबून कुणी ओळखणार नाही. भिंग लावलं की अक्षरं बोलतात, एन उलटा, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर गायब, मुकुट म्हणजे नुसता तुरा, रेघ वरखाली. कारण ठोकणाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, तो चित्र बघून चित्र काढत होता. आणि स्क्रूच्या खाचा, अस्सल वेब्लेच्या स्क्रूची खाच बारीक आणि सरळ मध्यातून जाते, नकलेची जाड आणि एका बाजूला सरकलेली. असं दिसलं तर तोफेच्या तोंडी द्या पण त्यातून गोळी झाडू नका. तसं तर कुठल्याच जुन्यातून नवीन काडतूस झाडू नका, ही हत्यारं काळ्या दारूच्या जोरासाठी बनलेली, आजच्या दारूचा दाब त्यांच्या चक्रीला सोसणारा नाही, पाच घरांपैकी एक घर उघडलं की बोटं जातात.

शिक्के वाचायचे कसे हे पण विचारतात. पॉलिश पेपर नको, ब्रासो नको, चिंच आणि राख तर नकोच, आपल्याकडे पितळेची भांडी घासायची सवय आहे म्हणून सांगतो. घासलं की वर्ष गेलं. सुती फडक्याला मशीनचं थोडं तेल लावून धूळ काढायची, मग शिक्क्यावर पांढऱ्या खडूचं बोट फिरवायचं आणि वरचं पुसून घ्यायचं, खाचेत खडू राहतो आणि अक्षर उठून दिसतं. खोलीत अंधार करून बॅटरी अगदी आडवी धरायची, धातूला जवळजवळ टेकवून, आणि उजेड चारी बाजूंनी फिरवत फोटो काढायचे, समोरून फ्लॅश मारला की सगळं पांढरं होतं. भाऊंच्या फोटोत चक्री नीट आली ती चुकून खिडकीजवळ धरली म्हणून. हे सगळं आता जमा करायच्या वेळी किंवा डीलरकडे त्याच्या समोर करा. कातडी पाकीट मात्र वेगळं ठेवा, हत्यार त्यात परत घालू नका, कमावलेल्या कातड्यातला आंबटपणा लोखंडाला खातो, तुमच्या नळीवर एकाच बाजूला गंजाचे ठिपके आहेत ते त्यामुळेच.

घरच्या गोष्टीबद्दल. भिल्ल कॉर्प्स जेम्स आउटरॅमनं १८२५ मध्ये उभी केली आणि तिचा तळ धरणगावलाच होता, त्यामुळे तिथल्या घरात साहेबाची आठवण असणं काही अशक्य नाही. पण हे रिव्हॉल्वर १८५७ चं नाही, ते नंतर कुणीतरी विकत घेतलं आणि गोष्ट त्याला चिकटली, असं मला वाटतं. खानदेशात दर दुसऱ्या जुन्या हत्याराला एक तर १८५७ च्या वेळच्या खाज्या नाईकाच्या बंडाची नाहीतर १९४४ च्या चिमठाण्याच्या खजिना लुटीची गोष्ट चिकटलेली असते. गोष्ट टाकून देऊ नका, पण शिक्का आणि गोष्ट भांडली तर मी शिक्क्याचं ऐकतो.

खरी माहिती कुठं सापडेल तर आजोबांच्या परवान्यात. इंग्रजांच्या काळात १८७८ च्या ॲक्टखाली परवाने असायचे आणि त्यात हत्याराचं वर्णन लिहिलेलं असायचं. दप्तर शोधताना जिल्ह्याचा घोळ लक्षात घ्या, १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पूर्व खानदेश जळगावला आणि पश्चिम खानदेश धुळ्याला, आणि नंदुरबार तर १९९८ मध्ये धुळ्यातून निघालं. तुमचं धरणगाव पूर्व खानदेशात, म्हणजे जळगाव कलेक्टर कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत आणि रेकॉर्ड रूममध्ये विचारा. नंदुरबार-शहाद्याकडचं कुणी हे वाचत असेल तर जुनं दप्तर धुळ्याला. घरातल्या जमिनीच्या कागदांच्या गाठोड्यातही बघा, परवाना बहुतेक सातबाऱ्याच्या घडीतच निघतो.

किंमत. लिएजची बुल डॉग जगात इतकी निघाली की संग्राहक त्यामागे धावत नाहीत, अस्सल वेब्ले असती तर वेगळं. आणि परवान्याशिवाय विकणं-घेणं हा गुन्हाच आहे, त्यामुळे कुणी फोनवर आकडा सांगत असेल तर त्याचा नंबर ब्लॉक करा. वस्तू शंभर वर्षांवरची ठरली तर पुराणवस्तू कायदा १९७२ पण लागतो, बाहेरदेशी पाठवता येत नाही. बोअर मात्र नक्की करून घ्या, कारण काही बोअर प्रोहिबिटेड, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेले, आहेत आणि वारसाचा अर्ज करताना पहिला प्रश्न तोच येतो. चक्रीच्या घराचं मागचं तोंड व्हर्नियरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीनं, मोजायचं, नळीचं नाही, साधारण आठ मिलिमीटर आलं तर .३२०, साडेनऊ-दहाच्या आसपास .३८०, बाराच्या जवळ .४५० किंवा .४४२. डीलरकडे व्हर्नियर असतोच, जमा करताना त्याच्याकडून मोजून पावतीवर लिहून घ्या.